पोकळी वजा केलीस का?

आमची लाकडाची वखार लांज्याच्या अलीकडे, मुंबई-गोवा हायवेला लागून आहे. आता चुलतभाऊ सांभाळतो. मी शाळेत होते तेव्हा बाबा सांभाळायचे. शाळा सुटली की मी तिथे जायचे आणि बाबा ओंडके मोजत असले तर टेपचं दुसरं टोक धरायचे. आंबा, फणस, किंजळ, ऐन. अधूनमधून ट्रकमधून मेरांटी यायची, दारांच्या चौकटींसाठी. ती मलेशियाची, एवढंच तेव्हा कळायचं. आपल्याकडच्या प्रत्येक लाकडाला एक गाव असतं. हा अमक्याच्या परसातला फणस, तो तमक्याच्या बांधावरचा आंबा. मेरांटीला गाव नव्हतं.

मोजायची रीत अशी: ओंडक्याच्या मध्यावर टेप गुंडाळून घेर घ्यायचा. घेराचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर इंचात आणि लांबी फुटांत, म्हणून शेवटी १४४ ने भागायचं. घेर ६० इंच आणि लांबी १० फूट असेल तर १५ चा वर्ग २२५, गुणिले १०, भागिले १४४, म्हणजे साडेपंधरा घनफुटांच्या थोडं वर. वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकल्यावर मी हा हिशेब घरी ताडून पाहिला, तर खरं घनफळ जवळपास वीस घनफूट आलं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, साल गेली, चिराईत भुसा गेला, चार बाजूंच्या कडा गेल्या; गिऱ्हाईक त्याचे पैसे का देईल? कुठलाही गोल ओंडका घ्या, या रीतीने खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भरतात. पायचा (π) चौथा भाग. व्यापाऱ्यांनी घट सूत्रातच शिवून टाकली आहे, हे मला तेव्हा फार आवडलं होतं, आजही आवडतं.

वहीत आकडा चढवण्याआधी बाबा आणखी एक गोष्ट न चुकता करायचे. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकत ओंडक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. आवाज बदलला की थांबायचे. दोन्ही तोंडं भरीव दिसणारा ओंडकाही मध्ये पोकळ निघू शकतो. मग त्या जागेवर खडूने खूण, आणि वहीत घनफुटांच्या पुढे 'पोकळी वजा' असा शेरा.

गेल्या वर्षी मी अकरा आठवडे बोर्निओत होते, मलेशियाच्या साबाह राज्यातल्या डानुम खोऱ्यात. लाहाद दातू या गावातून निघालं की दोन-अडीच तास बहुतेक कच्चाच रस्ता, आणि मग सेगामा नदीच्या काठावरचं संशोधन केंद्र. भोवती ४३८ चौरस किलोमीटर राखीव जंगल. मेरांटीचं गाव मला तिथे सापडलं. पहिल्याच दिवशी आमच्या सोबतच्या गृहस्थांनी वाटेतल्या एका झाडावर तळहात ठेवला आणि 'मेरांती' म्हणाले. मी मान वर करून बघतच राहिले. जे लाकूड आजवर आडवंच पाहिलं होतं, ते उभं होतं. पहिली फांदी कुठेतरी तीस-पस्तीस मीटरवर, आणि शेंडा तर खालून दिसतच नव्हता.

हे गृहस्थ पन्नाशीचे, लाहाद दातूच्या बाजूचे. त्यांना सगळे 'आबांग' म्हणतात, म्हणजे दादा. मीही आबांगच म्हणते. झाडाच्या बुंध्यावरच्या ओरखड्याचा वास घेऊन ते जात सांगतात. त्यांच्याशिवाय आमच्या कामाचा पहिला दिवससुद्धा पार पडला नसता. पुढे जे लिहिणार आहे ते याच गोष्टीशी येऊन थांबतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

काम काय होतं? एक हेक्टर जंगल जमिनीवरून लेझरने स्कॅन करायचं, त्यातल्या प्रत्येक झाडाचं घनफळ काढायचं, घनफळावरून सुकं वजन आणि वजनावरून कार्बन. सुक्या लाकडात साधारण ४७ टक्के कार्बन धरतात. त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं की ते झाड म्हणजे हवेतला किती कार्बन डायऑक्साइड, तो आकडा मिळतो. हे शेवटचे दोन गुणाकार कुणालाही करता येतील. सगळा घोळ त्याआधीच्या वजनात आहे.

उभं झाड काट्यावर घालता येत नाही. ते तोडायचं, तुकडे करायचे, एकेक तुकडा टांगून तोलायचा, नमुने भट्टीत १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवायचे. ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं. ओल्याचा भाव आणि सुक्याचा भाव वेगळा, हे वखारीत वाढलेल्याला सांगावं लागत नाही. एक मोठं झाड असं तोलायला अख्ख्या टोळीला कितीतरी दिवस लागतात. त्यामुळे उष्ण प्रदेशातली खरोखर तोललेली झाडं जगभरात थोडीच आहेत. २०१४ साली जेरोम शाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र प्रसिद्ध केलं, ज्यावर आजही कितीतरी जंगलांचे हिशेब चालतात. त्यामागे ५८ ठिकाणची ४,००४ झाडं आहेत. लाकडाची घनता गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले उंची, त्या गुणाकाराचा ०.९७६ वा घात, आणि त्याला गुणिले ०.०६७३. व्यास जमिनीपासून १.३ मीटरवर, सेंटिमीटरमध्ये घ्यायचा; उंची मीटरमध्ये, उत्तर किलोत. एक मीटर व्यासाचं, ५० मीटर उंचीचं, ०.५ घनतेचं झाड घेतलं तर उत्तर येतं साडेबारा टन.

केंद्रावरून संध्याकाळी वायफाय मिळायचं. मी बाबांना फोनवर हे सूत्र सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आमचंच की. घेर, लांबी आणि लाकडाची जात."

खरंच तेच आहे. पण बाबांना मोजायचा असायचा तो नुसता ओंडका. फांद्या रानातच छाटल्या जायच्या. सूत्राला मात्र अख्खं झाड सांगायचं असतं, आणि त्याला झाडाबद्दल माहीत असतात फक्त तीन आकडे. एकाच घेराची, एकाच उंचीची दोन झाडं शेजारी उभी असतात. एकाचा डेरा भरघोस, तर दुसऱ्याच्या निम्म्या फांद्या वादळात गेलेल्या. सूत्र दोघांनाही तेच वजन देतं. हजार झाडांच्या सरासरीत हे खपून जातं म्हणावं, तर जंगलाचा भार सगळ्या झाडांवर सारखा नसतो. जगभरातल्या ४८ मोठ्या अभ्यास-क्षेत्रांचा एक हिशेब २०१८ मध्ये आला. त्यात आकाराने सर्वांत मोठ्या एक टक्का झाडांत जमिनीवरच्या एकूण बायोमासचा, म्हणजे झाडांच्या सुक्या वजनाचा, जवळपास निम्मा वाटा होता. आणि तोडून तोललेल्या झाडांत हेच राक्षस सगळ्यांत कमी आहेत. ज्यांच्यावर हिशेब तोलून धरलाय, त्यांनाच नीट तोललेलं नाही. मला या कामात ओढलं ते या एका गोष्टीने.

स्कॅनरचं वजन दहा किलोच्या आसपास. तिपाईवर बसवायचा. तो स्वतःभोवती फिरतो आणि आतला आरसा वर-खाली लेझरचे ठिपके फेकत राहतो. प्रत्येक ठिपका कशावर तरी आदळून परततो, आणि परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. ०.०४ अंशाच्या अंतराने ठिपके टाकले तर एका फेरीत २ कोटी २५ लाख लेझरचे ठोके जातात, साधारण तीन मिनिटांत. पण सरळ उभ्या स्कॅनरला थेट डोक्यावरचं दिसत नाही, म्हणून तो आडवा करून दुसरी फेरी घ्यायची. हेक्टरभर जंगलात दर दहा मीटरवर एक जागा, म्हणजे अकरा गुणिले अकरा, १२१ जागा. दोन-दोन फेऱ्या धरून २४२ स्कॅन. गुणाकार केला तर ठोके होतात ५०० कोटींच्या वर.

हे सगळे स्कॅन एकमेकांना जोडता यावेत म्हणून प्रत्येक दोन जागांच्या मध्ये चकाकणाऱ्या पट्टीचे छोटे दंडगोल काठ्यांवर लावायचे, आणि त्यातले निदान चार दोन्ही जागांवरून दिसले पाहिजेत. लिहायला ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात दहा मीटर अंतरात एक आडवा पडलेला बुंधा, एक ओहोळ, वेताची काटेरी वेल आणि बुंध्याच्या फळ्या असतात. फळ्या म्हणजे तिथल्या थोरल्या झाडांना बुडाशी भिंतींसारखी पसरलेली मुळं, आपल्या काटेसावरीला असतात तशी, पण माणसाच्या डोक्यावरून जाणारी. मलायमध्ये त्यांना 'बानिर' म्हणतात. या भिंतींआड काठी लपली की मागच्या जागेवरून दिसत नाही. आबांग एका नजरेत सांगायचे, काठी इथे नको, तिथे रोव. मी लेव्हल लावेपर्यंत पुढच्या जागेकडे जाणारी वाट त्यांनी मोकळी केलेली असायची. तीही एकाही रोपाला कोयता न लावता, कारण ज्या जंगलाचं वजन करायचं ते वाट करताना कमी करायचं नसतं.

या बानिरांमुळे १.३ मीटरवरचा घेर घेताच येत नाही. टेप गुंडाळली तर ती भिंतींच्या कडांवरून जाते आणि आतली हवासुद्धा मोजते. मग शिडी लावून फळ्यांच्या वर, कधी चार मीटरवर, कधी सहा मीटरवर घेर घ्यायचा. ओल्या सालीला शिडी टेकवून वर चढलेला माणूस एका हाताने झाड कवटाळून दुसऱ्या हाताने टेप फिरवतो. जुन्या नोंदींमध्ये ज्या आकड्यांवर आपण विसंबतो, त्यातला एकेक आकडा असा आलेला आहे. लेझरने हे एक काम खरंच सोपं केलं. संगणकावर झाडाचा कुठल्याही उंचीवर आडवा काप घेता येतो आणि बानिरांचा खराखुरा, वाकडातिकडा आकार दिसतो.

पाऊस आला की काम बंद. नुसता थेंबांचा प्रश्न नाही. आमच्या स्कॅनरच्या लेझरची तरंगलांबी १,५५० नॅनोमीटर. ती डोळ्यांना सुरक्षित, पण पाणी ती पिऊन टाकतं. भिजलेल्या सालीवरून परत येणारा ठोका मंद असतो. वारा सुटला तरी बंद, कारण शेंडा हलला की एका जागेवरून दिसलेली फांदी दुसऱ्या जागेवरून वेगळ्याच ठिकाणी दिसते आणि एका फांदीच्या दोन होतात. मग सकाळचे निवांत तीन-चार तास उरतात, तेही धुकं उतरेपर्यंत वाट पाहून. जळवांबद्दल काही लिहीत नाही, कोकणातल्या माणसाला पावसाळी रान नवीन नाही. एका हेक्टरला आम्हाला नऊ दिवस लागले.

मग येतो बिंदूंचा ढग, म्हणजे परतलेल्या सगळ्या ठिपक्यांचं मिळून झालेलं त्रिमितीय चित्र. पहिल्यांदा २४२ स्कॅन जोडून झाले आणि पडद्यावर अख्खं हेक्टर फिरवता आलं, तेव्हा मी ते रात्री उशिरापर्यंत नुसतं फिरवत बसले होते. ज्या मेरांटीचा शेंडा खालून दिसला नव्हता, तो दिसला. फांद्यांवर वाढलेल्या नेच्यांचे झुबके दिसले. आबांगना दाखवलं, तर त्यांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं की हे झाड ते नव्हे, याच्या मागचं. आणि तपासलं तर संगणकाने दोन झाडांचे डेरे एकत्र केले होते.

ढगातून एकेक झाड सुटं काढायचं. मग पानांचे बिंदू वेगळे, लाकडाचे वेगळे. मग उरलेल्या लाकडावर बुंध्यापासून डहाळ्यांपर्यंत हजारो छोटे दंडगोल बसवायचे. ही पद्धत फिनलंडमधल्या तांपेरे इथल्या गणितज्ञ पासी राउमोनेन यांनी २०१३ मध्ये मांडली. दंडगोलांच्या घनफळांची बेरीज म्हणजे झाडाचं घनफळ. मला यात वखार दिसते. ओंडके मोजायची तीच रीत, फक्त ओंडका कापलेला नाही आणि तो बोटाएवढा असला तरी मोजायचा. घटही उलट्या बाजूची. बाबांच्या सूत्रात आकडा कमी यायचा, इथे डहाळ्यांपाशी जास्त येतो. लेझरचा ठिपका दूर जाता जाता पसरतो आणि पन्नास मीटरवर दोन-अडीच सेंटिमीटर रुंद होतो. एक सेंटिमीटरची डहाळी त्याला जाड दिसते.

ही पद्धत खरी ठरते का, हे पाहायला शेवटी झाडं तोडूनच पाहावी लागली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात निलगिरीची ६५ झाडं आधी स्कॅन केली, मग तोडून तोलली. किम काल्डर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. लेझरचा अंदाज एकूण वजनापेक्षा ९.६८ टक्के जास्त निघाला, आणि नेहमीच्या सूत्रांचा सुमारे ३० ते ३७ टक्के कमी. पुढे पेरू, इंडोनेशिया आणि गयाना इथली २९ मोठी झाडं अशीच पडताळली गेली. तिथेही सूत्रं मोठ्या झाडांना कमी लेखत होती आणि लेझर खऱ्याच्या जास्त जवळ होता. या झाडांचे मी आभार मानते. मनापासून लिहिते आहे. ती पडली म्हणून बाकीच्यांना उभ्या उभ्या तोलता येतं.

डानुममध्ये आणखी एक झाड आहे ज्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २०१६ मध्ये ग्रेग ॲसनर यांच्या चमूने विमानातून लेझर लावून साबाहचं जंगल मोजलं तेव्हा ९४.१ मीटर उंचीचं झाड सापडलं. २०१८ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना विमानातल्याच लेझरच्या माहितीत त्याहून उंच एक दिसलं. पिवळी मेरांटी. जानेवारी २०१९ मध्ये उंडिंग जामी हे झाडांवर चढण्यात तरबेज असलेले स्थानिक गृहस्थ टेप घेऊन त्याच्या शेंड्यापर्यंत चढले आणि उंची पक्की झाली: १००.८ मीटर. जमिनीवरच्या स्कॅनरने आणि ड्रोनने त्याचा आकार काढला. मुळं सोडून वजन ८१,५०० किलो, त्यातला ९५ टक्के भार एकट्या बुंध्याचा. प्रवाशांनी खच्चून भरलेल्या पाच एसटी गाड्या एका बुडावर उभ्या. ४७ टक्क्यांनी धरलं तर ३८ टन कार्बन. झाडाचं नाव 'मेनारा'. ते ऐकून मी आबांगना म्हटलं, आमच्याकडे याला मनोरा म्हणतात. शब्द दोन्हीकडे अरबीतूनच पोचला आहे. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. मनोरा. आणि तेव्हापासून ते त्या झाडाला मनोराच म्हणतात.

इतकं तंत्रज्ञान असताना शेवटी टेप घेऊन माणूस वर चढला, यात मला काही विसंगत वाटत नाही. उलट तीच मुख्य गोष्ट वाटते. अवकाश स्थानकावर डिसेंबर २०१८ मध्ये बसवायला पाठवलेला 'जेडी' हा लेझर पृथ्वीवर पंचवीस-पंचवीस मीटरचे ठिपके टाकून जंगलाची उंची मोजतो. युरोपचा 'बायोमास' उपग्रह २९ एप्रिल २०२५ रोजी गेला. त्याच्या रडारच्या लहरी ७० सेंटिमीटर लांब, पानांतून आरपार जाऊन बुंध्यांवरून आणि जाड फांद्यांवरून परतणाऱ्या. आपल्या श्रीहरिकोट्याहून ३० जुलै २०२५ ला 'निसार' हा रडारचाच उपग्रह गेला. मी त्या रात्री झोपले नव्हते, इतका आनंद झाला होता. पण यातला एकही उपग्रह वजन मोजत नाही. ते उंची मोजतात, परतीची लहर मोजतात. त्यावरून टन काढायचे तर जमिनीवर कुठेतरी कुणीतरी टन मोजलेले असावे लागतात. एका परिषदेत मी एक सुंदर जागतिक नकाशा पाहिला. सादर करणाऱ्याने उपग्रहावर चाळीस मिनिटं घेतली आणि जमिनीवरच्या मोजणीवर एक ओळ. त्या ओळीत शिडीवर चढलेला माणूस नव्हता, वास घेऊन जात ओळखणारा माणूस नव्हता. जात चुकली की घनता चुकते, आणि घनता चुकली की लेझरने कितीही नेमकं घनफळ दिलं तरी वजन चुकतं. लेझर लाकडाचं पाणी जोखत नाही. त्याला मेरांटी आणि शेजारचं झाड सारखंच. तो फरक अजूनही आबांगच्या नाकात आहे. त्या माणसांचं काम दर वर्षी नव्याने निधी मागत राहतं, आणि त्यांची नावं आकड्यांसोबत प्रवास करत नाहीत, याचा मला राग येतो.

नवव्या आठवड्यात रात्री वादळ झालं. सकाळी आम्ही स्कॅन केलेल्या हेक्टरात गेलो तर आत शिरायच्या आधीच उजेड वेगळा वाटला. आमच्या यादीतली एक थोरली मेरांटी पडली होती. पडताना दोन लहान झाडं घेऊन गेली होती. बुंधा जमिनीपासून तीनेक मीटरवर तुटला होता आणि पुढे पुन्हा एका ठिकाणी फुटला होता. आबांग काही न बोलता बुडाशी गेले आणि त्यांनी मला हाक मारली.

आत पोकळ होतं. तुटलेल्या जागी बाहेरचा व्यास एक मीटर दहा सेंटिमीटर, आणि मधोमध अर्धा मीटर रुंदीचं भोक. आतून तपकिरी भुगा गळत होता. एका लांब काठीला टेप बांधून आम्ही ती बुंध्याच्या पडलेल्या भागात सारली. काठी टेकेपर्यंत चार मीटर आत गेली. खाली उभ्या राहिलेल्या खुंटात आणखी एक मीटर. जिथे खोड दुसऱ्यांदा फुटलं होतं तिथे ते पूर्ण भरीव होतं.

हिशेब मी तिथेच वहीत केला. अर्धा मीटर रुंद, पाच मीटर लांब, म्हणजे जवळपास एक घनमीटर. ०.५ घनतेने अर्धा टन. संगणकावर त्या झाडावर आम्ही जे दंडगोल बसवणार होतो, ते तिथे भरीवच धरले जाणार होते. अख्ख्या झाडाच्या वजनात अर्धा टन थोडाच, तीन-चार टक्के. पण या चुकीला दोन दिशा नाहीत. पोकळी कधी वजन वाढवत नाही, त्यामुळे सरासरीत ती फिटत नाही. तोडून तोललेल्या झाडांत पोकळी आपोआप हिशेबात येते. काट्याला हवा लागतच नाही. लेझरला फक्त कातडी दिसते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. मी सगळं सांगत होते, बानिर, वादळ, काठी. ते ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "बाय, बाकीची ठोकून बघितलीस काय? पोकळी वजा केलीस का?"

उभ्या झाडाची पोकळी शोधायची आधुनिक साधनं आहेत. बुंध्याभोवती संवेदक लावून ठोक्याचा आवाज आरपार जायला किती वेळ लागतो ते मोजतात. आवाज पोकळीला वळसा घालून जातो, म्हणून उशिरा पोचतो. बारीक सुईसारखा ड्रिल आत घालूनही लाकडाचा विरोध मोजता येतो. आमच्याकडे दोन्ही नव्हती. केंद्रातून एक लाकडी मोगरी मिळाली. दुसऱ्या दिवसापासून स्कॅनर ठेवून आबांग आणि मी हेक्टरातल्या थोरल्या झाडांभोवती फिरू लागलो. बानिरांच्या मधल्या भागात, छातीच्या उंचीवर, चारही बाजूंनी ठोकायचं. आबांगचा कान त्यांच्या झाडांना सरावलेला, पण ठोकून कधी पाहिलं नव्हतं त्यांनी. मी लहानपणी खूप ठोकलेलं ऐकलं होतं, पण पडलेल्या लाकडाचं. जिथे दोघांचं एकमत झालं तिथे तक्त्यातल्या नव्या रकान्यात खूण केली. जिथे झालं नाही, तिथे मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. अशी सहा झाडं निघाली.

रात्री सहाही आवाज लांज्याला पाठवले. घरी तेव्हा जेवणाची वेळ. अर्ध्या तासाने बाबांचा व्हॉइस मेसेज आला, मागे आईच्या भांड्यांचा आवाज.

"पहिलं, दुसरं भरीव वाटतं. चौथ्यात कीटकं बोलतायत मागे, कळत नाही. पाचवं, सहावं भरीव. तिसरं मला बरं वाटत नाही. त्याला उद्या जरा खालून ठोक, आणि फोन सालीला लावून धर. त्या दादांना सांग, ठोका हळू द्यायचा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये थांबायचं."